‘माझा मृत्युलेख तू लिही,’ असं सासरे म्हणतात

पत्र :

ताई,

मी ओहायोत राहते. नवरा अमेरिकन. सासू-सासरे आमच्यापासून वीस मिनिटांवर. सासरे ७७ वर्षांचे आहेत. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात १९७० साली शिपिंगमध्ये लागले आणि प्लँट मॅनेजर होऊन २०१० साली निवृत्त झाले. त्याआधी सक्तीच्या भरतीत लष्करात गेले होते. १९६९-७० मध्ये व्हिएतनामला, लाँग बिन्हच्या तळावर, गोदामात. त्या वर्षाबद्दल ते बोलत नाहीत. मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचं चर्च म्हणजे मात्र त्यांचा जीव की प्राण. अर्पण मोजायला तेच, पूरग्रस्तांना पाठवायच्या सामानाच्या बादल्या भरायला तेच, खिडकीचं बिजागर निखळलं तरी फोन त्यांनाच. २०२३ मध्ये पंथ सोडायचा की राहायचं यावर तिथे मतदान झालं. चर्च राहिलं, पण बरेच लोक गेले. त्यांचा जुना मित्रही गेला.

गेल्या वर्षी त्यांना पार्किन्सन्सचं निदान झालं. गाडी अजून चालवतात, पण सही बारीक होत चालली आहे. परवा भांडी पुसता पुसता मला म्हणाले, ‘माझी ऑबिच्युअरी तू लिही. माझा मुलगा मला उगाच मोठं करून ठेवेल.’ नवऱ्याला सांगितलं तर तो चिडला. हे आत्ता कशाला, म्हणाला. आणि लिहायचंच असेल तर सुरुवात सैन्यापासून झाली पाहिजे, झेंडा, बिगूल सगळं हवं. सासरे म्हणतात, ‘मी खोकी मोजली. लढले ते वेगळे.’ याच कारणासाठी व्हीएकडे, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याकडे, आजाराचा दावाही लावत नाहीत. म्हणे, ज्यांना खरी गरज आहे त्यांना मिळू दे.

मी हिंदू. चर्चला जाते ती नाताळला आणि ईस्टरला. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे सगळे भाकर आणि पेला घ्यायला पुढे जातात तेव्हा, बाकावर बसून राहते. मला हे लिहायचा काय अधिकार? आणि लिहू काय? एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मागच्या ईस्टरला कॉफीच्या वेळी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘तुझ्या सासऱ्यानं १९८२ मध्ये मला कामावरून काढलं. सांगायला घरी आला होता, स्वतः.’ एवढं बोलून ते केक घ्यायला गेले. असलं काही मृत्युलेखात लिहितात का?

– एक सून

उत्तर :

प्रिय ओहायोकर,

तुमचे प्रश्न मी तुमच्या क्रमानं घेणार नाही. लेखन महिनाभर लांबलं तरी काही बिघडत नाही. व्हीएचा अर्ज लांबला तर बिघडतं, म्हणून आधी तो.

तुमच्या सासऱ्यांचा समज असा दिसतो की भरपाई लढणाऱ्यांसाठी असते. कायदा तसं म्हणत नाही. अमेरिकी सैन्यानं १९६२ ते १९७१ या काळात व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर एजंट ऑरेंज आणि त्याच्यासारखी इतर तणनाशकं फवारली. पुढे माणसं आजारी पडू लागली, आणि कोण कधी कुठल्या फवाऱ्याखाली सापडला हे सिद्ध करणं कुणालाच शक्य होईना. म्हणून १९९१ साली अमेरिकी काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, कायदा केला. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात ज्याचे पाय व्हिएतनामच्या जमिनीला लागले तो या रसायनांच्या संपर्कात आला, असं धरूनच चालायचं. पुरावा मागायचा नाही. आजारांच्या यादीत पार्किन्सन्सची भर २०१० साली पडली. तेव्हा गोदामात खोकी मोजणारा आणि बंदूक घेऊन चिखलातून चालणारा, दोघंही या कायद्यासमोर सारखेच.

‘खऱ्या गरजूंना मिळू दे’ हे बोलणं मोठ्या मनाचं आहे, पण हिशेबाला चूक आहे, आणि जन्मभर हिशेब ठेवलेल्या माणसाला ते हिशेबाच्याच भाषेत सांगावं. ही रक्कम मोजून ठेवलेल्या गल्ल्यातून वाटत नाहीत. जो पात्र ठरेल त्याला सरकारला ती द्यावीच लागते. त्यांनी घेतली म्हणून दुसऱ्या कुणाचा डॉलर कमी होत नाही.

एवढ्यानं ते हलतील असं मला वाटत नाही. हलतील ते सासूबाईंच्या नावानं. लष्करी सेवेशी जोडल्या गेलेल्या आजारानं माजी सैनिक गेला, तर त्याच्या पत्नीला दरमहा दीड हजार डॉलरहून जास्त रक्कम मिळते, आणि तिच्यावर आयकर नसतो. त्यांनी आज दावा केला नाही तरी पुढे सासूबाई करू शकतात. पण मग मृत्यूच्या दाखल्यावर पार्किन्सन्सची नोंद आहे का, लष्करातून सुटल्याचे कागद कुठे आहेत, फॉर्म कुठला, हे सगळं त्यांना दुःखाच्या दिवसांत करावं लागेल. तुमच्या सासऱ्यांना हे विचारा : ‘तुमच्या खात्यातलं अर्धवट काम तुम्ही कधी दुसऱ्याच्या टेबलावर टाकून गेला होता का?’ उत्तर काय येईल ते तुम्हालाही ठाऊक आहे.

एकदा विचारा आणि सोडून द्या. रोज विचारलंत तर ते नकाराचंच रक्षण करत बसतील.

हो म्हणाले, तर त्याच आठवड्यात ‘इंटेंट टू फाइल’ नोंदवा. तो छोटासा कागद असतो. त्यानं तारीख पक्की होते आणि पूर्ण अर्जाला वर्षभराची मुदत मिळते. पैसे साधारणपणे आजार कधी झाला यावरून मोजत नाहीत, अर्ज कधी आला यावरून मोजतात, त्यामुळे ही तारीख महत्त्वाची. ओहायोच्या ८८ काउंट्यांपैकी प्रत्येकीत माजी सैनिकांचं सेवा कार्यालय आहे. तिथले लोक अर्ज भरून देतात, फुकट. पहिल्या दाव्याचा अर्ज तयार करून देण्याचे पैसे कुणीही घेणं कायद्यात बसत नाही, तरी भरपाईतला वाटा मागणाऱ्या कंपन्यांचे फोन येतात. तो फोन सरळ ठेवून द्या. जाताना डीडी-२१४ हा लष्करातून सुटल्याचा कागद न्या. त्यावर बहुधा व्हिएतनामची नोंद असते. सापडत नसेल तर राष्ट्रीय अभिलेखागाराकडून प्रत विनामूल्य मिळते. या फायली जिथे ठेवतात त्या सेंट लुईसला १९७३ साली लागलेल्या आगीत लष्कराच्या लाखो फायली जळाल्या, पण त्या १९६० पर्यंत सुटलेल्यांच्या होत्या. तुमच्या सासऱ्यांची त्यातली नाही.

आता अधिकाराचं.

मेथडिस्टांमधली एक रीत तुम्हाला कदाचित कुणी सांगितली नसेल. त्यांचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, एका गावात मुरत नाहीत. बिशप त्यांची नेमणूक करतो आणि काही वर्षांनी हलवतो. बदल्या बहुधा १ जुलैच्या सुमारास होतात. हे फार जुनं आहे. १७८४ साली बाल्टिमोरमध्ये हा पंथ अमेरिकेत उभा राहिला तेव्हा त्याचे प्रचारक घोड्यावरून गावोगाव फिरत, आणि त्यांचा म्होरक्या फ्रान्सिस ॲस्बरी यानं तर आयुष्यभर स्वतःचं घर केलं नाही. घोडे गेले, बदल्या राहिल्या. याचा तुमच्याशी संबंध असा की तुमच्या सासऱ्यांच्या अंत्यविधीला जे पाळक उभे राहतील ते कदाचित सहा महिन्यांपूर्वीच आलेले असतील. तेव्हा कुणीतरी लिहून ठेवलेलं त्यांच्या हातात पडलं, तरच नाव त्या माणसाचं आणि वर्णन कुणाचंही, असं होणार नाही. त्यांच्या अंत्योपासनेत मृताचं नाव घेऊन त्याच्या आयुष्याबद्दल साक्ष देण्याची वेगळी जागा असते, आणि तिथे घरच्यांनाही बोलता येतं. साक्ष देणारा कुठल्या धर्माचा, हे तिथे कुणी विचारत नाही.

प्रभुभोजनाबद्दल जाता जाता. संयुक्त मेथडिस्ट चर्चचं टेबल खुलं असतं. सदस्य नसलेल्यालाही कुणी अडवत नाही, आणि बसून राहणाऱ्याकडेही कुणी वळून बघत नाही. तुम्ही बसता तर बसा. पेल्यात वाइन नसते, द्राक्षरस असतो. दारूविरोधी असलेल्या थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानं १८६९ साली न आंबणारा द्राक्षरस खास प्रभुभोजनासाठी बनवला, आणि त्यातून पुढे एक मोठा धंदाच उभा राहिला. हे तुमच्या सासऱ्यांना विचारून बघा. अर्पण मोजणाऱ्या माणसाला ही गोष्ट ठाऊक असणारच, आणि बोलणं सुरू करायला ती व्हिएतनामपेक्षा पुष्कळ सोपी आहे.

त्यांनी तुमची निवड का केली, हे त्यांनीच सांगून टाकलंय. मुलगा मोठं करून ठेवेल. इथल्या वर्तमानपत्रांतले मृत्युलेख वाचलेत तर लक्षात येईल की त्यांत गेलेला प्रत्येक जण मासेमारीचा शौकीन होता, नातवंडांवर त्याचा फार जीव होता आणि तो कधी कुणाला परका वाटला नाही. सगळं खरंही असेल. पण वाचून माणूस डोळ्यांसमोर उभा राहत नाही. सुनेनं बाहेरून येऊन हे घर पाहिलेलं असतं. जे त्यांच्या मुलाला नेहमीचं वाटतं ते तुम्हाला पहिल्यांदा वेगळं दिसलं होतं. त्याचाच उपयोग करा.

मजकूर ते असतानाच लिहा, आणि त्यांना वाचून दाखवा. अशुभ वगैरे मनात आणू नका. मागणी त्यांचीच आहे. पार्किन्सन्समध्ये हळूहळू आवाज खाली जातो आणि शब्द अडखळतात, म्हणून हे पुढच्या हिवाळ्यावर ढकलू नका. औषधाचा अंमल चांगला असतो ती वेळ त्यांनाच विचारा आणि तेव्हा बसा. विचारून फोनवर रेकॉर्ड करा. प्रश्न छोटे ठेवा. ‘तुमचं आयुष्य कसं गेलं?’ याला कुणीच उत्तर देऊ शकत नाही. ‘शिपिंगमधला पहिला दिवस कसा होता?’ याला देता येतं.

आणि तो १९८२ चा प्रसंग. तुमच्या अख्ख्या पत्रात सोनं असेल तर तिथे आहे. ते साल आठवा. डिसेंबर १९८२ मध्ये अमेरिकेतली बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली होती आणि ओहायोसारख्या कारखानदारीच्या राज्याला त्याचा फटका जास्तच बसला होता. मोठी कामगारकपात करण्याआधी ६० दिवसांची सूचना दिलीच पाहिजे, हा कायदा १९८८ चा. म्हणजे तेव्हा शुक्रवारच्या पगाराच्या पाकिटात चिठ्ठी घालून मोकळं होता येत होतं, आणि लोक होतही होते. तुमचे सासरे तेव्हा ३४ वर्षांचे. यादी त्यांनी केली असेल किंवा वरून आली असेल. त्या यादीतला एक माणूस त्यांच्याच चर्चचा. शुक्रवारी त्याला काढायचं आणि रविवारी त्याच्याच ओळीत उभं राहून गायचं. हा माणूस उठून त्याच्या घरी गेला. तो दुसरा माणूस चाळीस वर्षांनंतरही त्याच चर्चमध्ये कॉफी पितो, आणि ही गोष्ट आपल्याला काढणाऱ्याच्या सुनेला आपण होऊन सांगतो. राग उरलाय की नाही ते मला कळलं नाही. तुम्हालाही कळलं नसावं. कळायलाच हवं असंही नाही.

मृत्युलेखात ते घालावं का? आधी सासऱ्यांना विचारा. ‘अमुक जण मला असं म्हणाले,’ एवढं सांगा आणि गप्प बसा. व्यवस्थापक म्हणून माणूस काय होता हे बढतीच्या तारखांवरून समजत नाही, असल्याच गोष्टींवरून समजतं. पण तो प्रसंग त्यांना अभिमानाचा वाटतो की आजही टोचतो, ते तुमच्या-माझ्यापैकी कुणी ठरवू नये. चालेल म्हणाले, तर त्या गृहस्थांचीही परवानगी घ्या आणि नाव न घेता लिहा. इंग्रजी तुमचं तुम्ही बघालच, आशय साधारण असा ठेवा : ‘चाळीस वर्षं त्यांनी एकाच कारखान्यात काम केलं. वाईट बातमी द्यायची वेळ आली तेव्हा ती द्यायला ते स्वतः लोकांच्या घरी गेले.’ दोन वाक्यं. तिसरं जोडू नका. जोडलंत तर त्यांना ज्याची भीती आहे तेच होईल.

व्हिएतनामबद्दल तुमचा नवरा आणि सासरे यांच्यात जी ओढाताण चालली आहे, त्यात मी सासऱ्यांच्या बाजूची. वर्ष त्यांचं आहे. मात्र एक ओळ असायला हवी, आणि तीही त्यांना पटेल अशीच : ‘१९६९-७० मध्ये व्हिएतनाममधल्या लाँग बिन्हच्या तळावर त्यांनी लष्कराच्या पुरवठा विभागात काम केलं.’ यात शौर्य नाही आणि लपवाछपवीही नाही. लाँग बिन्ह हा अमेरिकी लष्कराच्या सर्वांत मोठ्या तळांपैकी एक होता. तिथून निघालेली खोकी वेळेवर पोचली नसती तर पुढच्या माणसांचं काय झालं असतं, हे ‘मी फक्त खोकी मोजली’ म्हणणाऱ्याला सांगून बघा. मान्य करणार नाहीत. सांगा तरीही. त्या तळावरून आलेला माणूस शिपिंगमध्ये लागला आणि आज चर्चच्या तळघरात बादल्या भरतो, म्हणजे वेगवेगळ्या छपरांखाली त्यांनी एकच काम केलंय. ते त्यांच्या लक्षात आलंय की नाही कोण जाणे.

बोलायची इच्छा झालीच तर काँग्रेसच्या ग्रंथालयात माजी सैनिकांच्या आठवणी जमवणारा प्रकल्प आहे. तो २०००च्या कायद्यानं सुरू झाला. किमान ३० मिनिटांचं सलग रेकॉर्डिंग ते जपून ठेवतात आणि गोदामातल्या माणसाचंही घेतात. माहिती असू द्या, इतकंच. आग्रह नको. कित्येकांनी ते वर्ष कुलपात ठेवूनच चांगलं आयुष्य काढलं आहे, आणि कुलूप तोडल्यानं माणूस मोकळा होतोच, या समजुतीवर माझा फारसा विश्वास नाही.

चर्चबद्दल लिहिताना ‘निष्ठावान सदस्य’ या शब्दांवर थांबू नका. ते सगळ्यांच्याच मृत्युलेखात असतात. बादल्या लिहा. त्या पंथाची मदत-समिती १९४० पासून काम करते, आणि पूर ओसरल्यावर घर साफ करण्यासाठी तिच्याकडून ज्या बादल्या जातात त्यांची यादी ठरलेली असते : पाच गॅलनची झाकणाची बादली, कपडे धुण्याचा साबण, घासण्या, हातमोजे, कचऱ्याच्या पिशव्या, कपडे वाळत घालायची दोरी, चिमटे. मनाला येईल ते भरलं तर पुढे डेपोत सगळ्या उघडून तपासाव्या लागतात. यादीप्रमाणेच भरली पाहिजे, असं म्हणत कोपऱ्यात उभं राहणारं कुणीतरी प्रत्येक चर्चमध्ये लागतं. तुमच्याकडे तो माणूस कोण, हे सांगायला नको.

मतदानाचा विषय मृत्युलेखात आणू नका. पण त्यांच्याशी बोलताना टाळूही नका. समलिंगी विवाह आणि समलिंगी पाळक यांवरून तो पंथ अर्धशतक भांडत होता. २०१९ ते २०२३ या काळात अमेरिकेतली सुमारे ७,६०० चर्चेस, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा, बाहेर पडली. बाहेर पडायला हजर सदस्यांपैकी दोन-तृतीयांशांचा कौल लागत असे, म्हणून कित्येक ठिकाणी बहुमत जाण्याच्या बाजूचं असूनही चर्च राहिलं, आणि माणसं तेवढी गेली. तुमच्याकडेही तसंच काहीसं झालं असावं. आधी कामावरून काढलेला माणूस त्याच बाकांवर टिकून राहिला आणि जिवाभावाचा मित्र एका मतदानावरून निघून गेला, हे कुठल्याही मॅनेजरच्या तर्कात बसणारं नाही. त्या मित्राला अंत्यविधीला बोलवायचं आहे का, शवपेटीला खांदा देणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव हवं का, हे विचारा. कदाचित त्याच निमित्तानं ते फोन उचलतील. न उचलले तर न उचलू देत.

निवृत्तीवर एकच सुचवते. जानेवारीच्या सुरुवातीला बऱ्याच मेथडिस्ट चर्चमध्ये देवाशी केलेल्या कराराची प्रार्थना म्हणतात. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली यानं १७५५ साली लंडनमध्ये सुरू केलेल्या उपासनेतून ती आली. तिच्यात देवाला म्हटलेलं असतं की तुला हवं तर मला कामाला लाव, नको असेल तर बाजूला ठेव. सगळा कारखाना चालवलेला माणूस २०११च्या जानेवारीत ते ‘बाजूला ठेव’ कसा म्हणाला असेल, हे मला फार ऐकायला आवडेल. विचाराल का त्यांना? लिहायला नाही, तुमच्यासाठीच.

नवऱ्याबद्दल. तो चिडला, कारण तुम्ही त्याला बापाच्या मरणाची तारीख जवळ आल्यासारखं ऐकवलंत, आणि वर ते काम बापानं त्याला न देता बायकोला दिलं. दोन्ही गोष्टी लागणाऱ्या आहेत. त्याला मजकुरावर मत विचारू नका, कामं द्या. झेंडा आणि बिगूल त्याच्याकडे सोपवा, सासऱ्यांची हरकत नसेल तर. सन्मानानं सुटलेल्या प्रत्येक माजी सैनिकाला तो मान कायद्यानं आहे. लढला की नाही, असा प्रश्न तिथेही नाही. गणवेशातले किमान दोघं येतात, झेंड्याची घडी घालून घरच्यांच्या हाती देतात, आणि बिगुलावर ‘टॅप्स’ ही निरोपाची धून वाजते. खरे बिगूलवादक आता कमी पडतात, म्हणून पुष्कळदा बिगुलात बसवलेल्या छोट्या यंत्रातून सूर येतो. हे त्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी हिरमुसेल. विनंती फ्युनरल होम, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणारी संस्था, करते, पण डीडी-२१४ हाताशी लागतो. राष्ट्रीय दफनभूमीत सासू-सासरे दोघांनाही जागा, शिळा आणि देखभाल विनामूल्य मिळू शकते. ओहायोत डेटनला एक आहे आणि उत्तरेकडच्यांसाठी रिटमनजवळ वेस्टर्न रिझर्व्ह. पात्रता आधीच ठरवून घेता येते. शिळेवर मेथडिस्टांचा क्रूस आणि ज्वाला हे चिन्ह कोरून मिळतं. मात्र घराण्याची जागा चर्चच्या दफनभूमीत असेल तर त्यांची इच्छा तिकडची असेल. सरकारी शिळा खाजगी दफनभूमीतही बसवता येते, फक्त बसवण्याचा खर्च तुमचा.

मजकुराचं व्यावहारिक थोडं. वर्तमानपत्र जागेप्रमाणे पैसे घेतं आणि काही शे डॉलर सहज जातात. छापायला छोटा मजकूर द्या आणि सविस्तर फ्युनरल होमच्या वेबसाइटवर ठेवा. पूर्ण जन्मतारीख, घराचा पत्ता आणि त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव घालू नका. मृतांच्या नावावर कर्ज काढणारे हेच वाचत बसलेले असतात. फुलांऐवजी देणगी कुठे द्यावी हे त्यांनाच ठरवू द्या. माझा अंदाज बादल्यांचा. गाणी कुठली हवीत, तेही त्यांच्याच हातानं लिहून घ्या, सही बारीक झाली असली तरी.

शेवटी मागे राहिलेल्यांची यादी येते : पत्नी, मुलगा, नातवंडं. मुलाच्या पुढे तुमचं नाव येईल. ते पूर्ण लिहा आणि स्पेलिंग दोनदा तपासून द्या. आपली नावं ते लोक हमखास चुकवतात.

– तुमची ताई